लिनक्सवर कुठला ड्रायव्हर टाकायचा: मुक्त, बंद आणि मधलं फर्मवेअर

अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी. वर डाव्या कोपऱ्यात एक छोटीशी आडवी रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. सकाळी काम द्यायचं होतं आणि रात्री दीड वाजता मी फोनवर उपाय शोधत बसले होते. जे सापडत होतं त्यात एक तर बंद ड्रायव्हर वाईट की चांगला यावर वाद, नाहीतर 'ही कमांड टाका, होईल' एवढंच, आणि ती कमांड नक्की काय करते हे कोणी सांगत नव्हतं. मी तीन टाकल्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध होत्या हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

तेव्हा कोणी नीट क्रमाने सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती, म्हणून हे लिहितेय. लिनक्स नवीन टाकणाऱ्यांसाठी आहे. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टर्मिनलमध्ये टाईप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची.

१. आधी तीन वस्तू वेगळ्या ओळखा

मराठीत एक बरं आहे, मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. कंपनीचा बंद ड्रायव्हर पण मोफतच मिळतो, पैसे कोणी मागत नाही, पण त्याचा सोर्स कोड बघता येत नाही, बदलता येत नाही, आणि बग निघाला तर कंपनीला वाटेल तेव्हा तो दुरुस्त होणार. मुक्त ड्रायव्हरचा कोड उघडा असतो आणि लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच असतो, म्हणजे वेगळा डाउनलोड करायचाच नसतो. विंडोजवरून आलेल्या माणसाला हीच सवय मोडायला वेळ लागतो, कारण तिथे मशीन फॉरमॅट केलं की पहिलं काम ड्रायव्हर गोळा करणं.

आता 'ड्रायव्हर' म्हणताना लोक तीन वस्तू एकाच पिशवीत टाकतात. पहिली म्हणजे कर्नल मॉड्यूल, जे हार्डवेअरशी थेट बोलतं. दुसरी म्हणजे वरची लायब्ररी, ग्राफिक्समध्ये ही फार महत्त्वाची, मुक्त बाजूला तिचं नाव मेसा, गेम किंवा ब्राउझर जे काही चित्र काढायला सांगतात ते मेसा कार्डाच्या भाषेत करून देतं. तिसरी म्हणजे फर्मवेअर. हे तुमच्या प्रोसेसरवर चालतच नाही, ते त्या वायफाय कार्डाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये चालतं. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर डिस्कवरची एक फाइल उचलतो, कार्डात भरतो आणि मग कार्ड जागं होतं.

ही तिसरी वस्तू समजली की निम्मा गोंधळ जातो. उदाहरण घ्या, इंटेलच्या वायफाय कार्डाचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर पूर्ण मुक्त आहे, कर्नलमध्येच आहे, पण त्याला लागणारी फर्मवेअरची फाइल बंद आहे. एएमडीच्या ग्राफिक्सचं पण तसंच, एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर मुक्त, फर्मवेअर बंद. तेव्हा कोणी म्हणालं की माझं मशीन शंभर टक्के मुक्त ड्रायव्हरवर चालतं तर ते खरं असू शकतं आणि तरी त्या मशीनमध्ये बंद कोड असू शकतो.

फर्मवेअर बंद असलं तरी रोजच्या वापरात त्याचा त्रास कमी, कारण ते कार्डाच्या आत असतं आणि कर्नल बदलला तरी त्याला सहसा फरक पडत नाही. बंद कर्नल मॉड्यूलची गोष्ट वेगळी. लिनक्स कर्नलच्या आतली रचना आवृत्तीगणिक बदलते, ती स्थिर ठेवू असं वचन कर्नलवाले देत नाहीत, आणि मुद्दामच देत नाहीत. जो माणूस आतला एखादा फंक्शन बदलतो तोच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याप्रमाणे दुरुस्त करून ठेवतो. कर्नलच्या बाहेर असलेल्या ड्रायव्हरकडे मात्र कोणी बघत नाही, त्याला मागून पळत यावं लागतं. माझी काळी स्क्रीन त्यातूनच आली होती: कर्नल पुढे गेला, ड्रायव्हर मागे राहिला. म्हणून माझा सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो की हा ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे की बाहेर, मुक्त की बंद त्याच्या नंतर.

२. हाताशी काय ठेवायचं

- ज्याने लिनक्स टाकलं तो लाइव्ह पेनड्राइव्ह. टाकून झालं म्हणून लगेच पुसू नका, अडचणीत तोच दरवाजा असतो.
- फोन आणि डेटा केबल. यूएसबी टेदरिंग केलं की वायफाय नसतानाही इंटरनेट मिळतं, बहुतेक फोन कुठलाही ड्रायव्हर न टाकता चालतात. चार्जिंगपुरती केबल नको, डेटा जाणारी हवी.
- दुसरा फोन किंवा मशीन, हे वाचायला.
- महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप.
- एक वही किंवा टेक्स्ट फाइल, त्यात कुठली कमांड कधी टाकली ते लिहायचं. मी लिहिलं असतं तर त्या दोन विरुद्ध कमांड तिथल्या तिथे दिसल्या असत्या.

३. चिप कुठली आहे ते बघा, डब्यावरचं नाव नको

लॅपटॉपचं किंवा डोंगलचं मॉडेल नाव फारसं कामाचं नाही. एकाच मॉडेल नावाखाली कंपन्या आतली चिप बदलतात, पुढच्या खेपेला वेगळीच येते. खरी ओळख आकड्यांत असते.

टर्मिनल उघडा आणि टाका: एलएसपीसीआय -एनएनके. यूएसबीच्या वस्तूंसाठी एलएसयूएसबी. पहिल्या कमांडने लांबलचक यादी येईल, घाबरू नका, त्यात 'नेटवर्क' आणि 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी' लिहिलेल्या ओळी शोधा. ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात दोन भागांचा कोड असतो, पहिला भाग कंपनीचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा भाग नेमक्या चिपचा. हा पूर्ण कोड वहीत लिहा, पुढे कुठेही मदत मागाल तर हाच द्यायचा, 'माझं वायफाय चालत नाही' म्हणून कोणाला काही कळत नाही.

त्याच्याच खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. ती असेल तर त्या वस्तूला ड्रायव्हर मिळालाय. ती ओळच नसेल आणि नुसतं 'कर्नल मॉड्यूल्स' लिहिलं असेल तर ड्रायव्हर मशीनवर आहे पण लागलेला नाही. दोन्ही नसेल तर कर्नलला ती वस्तू माहितीच नाही, आणि अशा वेळी बरेचदा नुसता नवीन कर्नल टाकून काम होतं, विशेषतः मशीन अगदी नवं असेल तर.

४. काहीही टाकायच्या आधी लाइव्हवर चालवून बघा

पेनड्राइव्हवरूनच बूट करा आणि वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेस, वेबकॅम, झाकण लावून झोपवणं आणि उठवणं, सगळं तपासा. जे इथे चालतंय त्याला पुढे हात लावायचा नाही. नवखे लोक चांगलं चालणाऱ्या वस्तूलाही 'ओरिजिनल ड्रायव्हर' शोधत बसतात, त्याची गरज नसते.

५. वायफाय

इथे नव्वद टक्के वेळा ड्रायव्हर असतो, फर्मवेअर नसतं, निदान मी ज्यांना मदत केली त्यांच्यात तरी असंच निघालं. ओळखायचं कसं? सुडो डीएमईएसजी टाका (अ‍ॅडमिनचे अधिकार घेऊन कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) आणि आउटपुटमध्ये 'फर्मवेअर' शब्द शोधा. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' असं सुरू होऊन 'फेल्ड विथ एरर -२' असं संपणारं वाक्य दिसलं तर प्रश्न सुटलाच म्हणून समजा. त्या उणे दोनचा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. मधे त्या फाइलचं नाव पण दिलेलं असतं. ती फाइल ज्या पॅकेजमध्ये आहे ते टाकायचं, रीबूट करायचं, झालं.

डेबियन या डिस्ट्रोमध्ये (डिस्ट्रो म्हणजे कर्नलसकट तयार मिळणारं लिनक्स, जसं उबुंटू, मिंट, फेडोरा) हा घोळ वर्षानुवर्षं होता. २०११ च्या डेबियन ६ पासून बंद फर्मवेअर कर्नलमधून काढून वेगळं ठेवलं आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. मग वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही अशी गत, फर्मवेअर उतरवायला वायफाय पाहिजे आणि वायफाय चालायला फर्मवेअर. २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान घेऊन ठरवलं की अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर घालायचं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आहे. मला हा निर्णय मनापासून पटतो. बंद प्रोग्रॅम आणि बंद फर्मवेअर एकाच डब्यात नाहीत, ज्याला फक्त वायफाय चालू हवंय त्याला बाकीचं बंद सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही, आणि ज्याला काहीच नको त्याने इन्स्टॉलर सुरू करताना 'फर्मवेअर=नेव्हर' असं द्यायचं.

सापळा इथे आहे: जुनं डेबियन वरच्या आवृत्तीवर नेताना सोर्सेसच्या यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) जुनं 'नॉन-फ्री' तसंच राहतं आणि नवीन विभाग लिहायचा राहून जातो, मग फर्मवेअरची अपडेट्स येणं बंद होतं आणि लगेच लक्षातही येत नाही.

ब्रॉडकॉमच्या काही चिपना मुक्त ड्रायव्हर नीट चालत नाही आणि डब्ल्यूएल नावाचा बंद ड्रायव्हर टाकावा लागतो. टाकायचा तर एकच ठेवा. एकाच चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले की वायफाय कधी येतं कधी जातं, आणि माणूस राउटर बदलत बसतो.

रियलटेकचे यूएसबी डोंगल ही आणखी एक त्रासाची जागा. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी-रॉम म्हणून दिसतात, त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, आणि यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज असेल तर ते त्याला वायफायच्या रूपात आणतं. काहींना कोणीतरी स्वतःच्या कष्टाने चालू ठेवलेला ड्रायव्हर लागतो, कोड उघडा पण कर्नलच्या बाहेर. त्या लोकांचे उपकार आहेत, पण प्रत्येक कर्नल अपडेटला तो तुटू शकतो हे धरून चाला. नवीन डोंगल घ्यायचाच असेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे अशीच चिप निवडा.

६. ग्राफिक्स

इंटेल असेल तर पुढे जा, काही करायचं नाही.

एएमडी असेल तरी जवळपास तसंच. २००७ पासून त्यांनी कार्डांची माहितीपत्रकं उघडी करायला सुरुवात केली, २०१५ मध्ये एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नल ४.२ मध्ये आला, आणि आज सामान्य वापराला आणि गेमिंगला तोच आणि मेसा पुरतं. साइटवर 'लिनक्स ड्रायव्हर' दिसला म्हणून उतरवू नका, घरच्या वापराला तो लागत नाही.

एनव्हिडियाला मात्र वेळ द्यावा लागतो. मुक्त ड्रायव्हरचं नाव नूव्हो, कंपनीने माहिती दिली नाही म्हणून लोकांनी कार्ड कसं वागतं ते बघून बघून तो लिहिला, आणि २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. अडचण अशी की जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाला कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर लागतं, आणि ते पूर्ण न मिळाल्यामुळे ९०० आणि १००० मालिकेची कार्डं नूव्होवर कमी वेगातच अडकून राहतात. डेस्कटॉप दिसतो, व्हिडिओ चालतो, गेम खेळायला गेलात तर कार्ड निम्मं झोपलेलं. यात नूव्होवाल्यांचा दोष नाही, किल्लीच त्यांच्या हातात नव्हती.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने स्वतःची कर्नल मॉड्यूल्स उघडी केली, आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. आरटीएक्स ५० मालिकेला तर हीच उघडी मॉड्यूल्स लागतात, बंद चालतच नाहीत. पण पॅकेजच्या नावात 'ओपन' बघून सगळा ड्रायव्हर मुक्त झाला असं समजू नका. उघडं झालंय ते कर्नल मॉड्यूल, वरच्या लायब्रऱ्या, म्हणजे चित्र काढण्यासाठीच्या ओपनजीएल आणि व्हल्कन आणि कार्डावर आकडेमोड करण्यासाठीची कुडा, अजून बंद आहेत, आणि बरंच काम कार्डाच्या चिपमधल्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरच्या बंद फर्मवेअरमध्ये गेलंय. पहिल्या मुद्द्यातल्या तीन वस्तू आठवा, इथे त्यातली एकच मुक्त आहे. मुक्त बाजूला मेसामधला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर वेगाने सुधारतोय, तोही बघण्यासारखा आहे.

मग टाकायचं काय? माझं मत असं: कुडावर काम असेल किंवा जड गेम खेळायचे असतील तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका, कमीपणा वाटून घेऊ नका. नुसतं लिहिणं, वाचणं, ब्राउझिंग असेल तर आधी महिनाभर नूव्होवर काढून बघा. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर सगळं काम इंटेलवरच होतं, फक्त बाहेरचा मॉनिटर जोडून बघा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची वायर एनव्हिडियाकडे जाते.

७. बंद ड्रायव्हर टाकायचाच तर डिस्ट्रोच्या वाटेने

कंपनीच्या साइटवरची 'डॉट रन' फाइल घेऊ नका. मी ती घेतली होती. ती चालते, पण पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं डिस्ट्रोचं साधन) तिचा पत्ताच नसतो, पुढच्या अपडेटला पॅकेज मॅनेजर स्वतःच्या फाइली त्याच जागी टाकतो आणि कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची हे कोणालाच सांगता येत नाही.

उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' आहे तो निवडा. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर'. डेबियनमध्ये सोर्सेसमध्ये कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री चालू करून पॅकेज टाका. फेडोरात आरपीएम फ्युजन (फेडोराबाहेरचं पॅकेजेसचं भांडार) जोडून एकेमॉड-एनव्हिडिया टाका, आणि टाकल्या टाकल्या रीबूट करू नका! मागे मॉड्यूल तयार होत असतं, त्याला चार-पाच मिनिटं लागतात. मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया असं विचारा (यातलं एफ तेवढं मोठ्या अक्षरात), आकडा आला की तयार झालं, मग रीबूट.

कार्ड जुनं असेल तर त्याची पिढी बघा. फर्मी पिढीला ३९० मालिका लागायची, केप्लरला ४७०, नवीन ड्रायव्हर त्यांना ओळखत नाही. या जुन्या मालिकांमध्ये आता कंपनी सुधारणा करत नाही, तेव्हा अशा कार्डाला नूव्होच बरा. केप्लरला वेग हाताने वाढवता येतो.

८. सिक्युअर बूटची निळी स्क्रीन

ही पायरी सगळ्यात जास्त लोक चुकवतात, म्हणून सावकाश वाचा. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. मॉकयुटिल --एसबी-स्टेट टाकून ती चालू आहे का बघा. चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. उबुंटूसारखी डिस्ट्रो ड्रायव्हर टाकताना स्वतः एक किल्ली बनवते आणि तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगते. हा तुमचा लॉगिन पासवर्ड नव्हे, एकदाच लागतो.

रीबूट केल्यावर निळी स्क्रीन येते, 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट' असं वर लिहिलेलं (मॉक म्हणजे तीच किल्ली). ती बघून लोकांना मशीन बिघडलं वाटतं, किंवा चहा आणायला गेलेले असतात, आणि ती काही सेकंदच थांबते. वेळेत कळ दाबली नाही तर मशीन सरळ पुढे सुरू होतं, किल्ली नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर लागत नाही. म्हणून समोर बसून राहा, कुठलीही कळ दाबा, 'एनरोल मॉक' निवडा, 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. पासवर्डमध्ये साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा, कारण त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचा धरला जातो आणि चिन्हं भलत्याच कळांवर जातात.

चुकलंच तर मॉड्यूल लावताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा मेसेज येतो. मॉकयुटिलने किल्ली परत नोंदवायला लावा. सिक्युअर बूट बंद करणं हा पण मार्ग आहे, पण विंडोज पण त्याच मशीनवर असेल आणि तिथे डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी तिची रिकव्हरी की काढून ठेवा, नाहीतर विंडोज ती मागत बसेल.

९. अपडेटनंतर काळी स्क्रीन आली तर

आता त्या रात्रीकडे येते. कर्नलबाहेरचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी परत बांधावं लागतं, हे काम डीकेएमएस नावाचं साधन करतं, आणि त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. हेडर नसतील तर मॉड्यूल बांधलं जात नाही, कर्नल मात्र नवा येतो. मी काय करायला हवं होतं ते असं.

मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा (कुठला कर्नल सुरू करायचा ते विचारणारा प्रोग्रॅम) मेनू येईल, त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा डेस्कटॉप येतो आणि जीव भांड्यात पडतो. मग डीकेएमएस स्टेटस टाका, नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर त्या कर्नलचे हेडर टाकून परत बांधायला लावा.

जुना कर्नल पण चालला नाही तर ग्रबमध्ये ई दाबून 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. चित्र जाडंभरडं दिसेल पण दिसेल. किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने नुसत्या अक्षरांच्या लॉगिनवर जा आणि बंद ड्रायव्हरची पॅकेजेस काढून टाका. काढताना पर्ज करा (सेटिंगच्या फाइलींसकट काढणं), नुसतं रिमूव्ह नको, कारण त्या पॅकेजने नूव्होला बंद करणारी एक फाइल ठेवलेली असते, ती राहिली तर दोन्ही ड्रायव्हर गेलेले असतात.

आणि निदान एक जुना, चालणारा कर्नल कायम ठेवा. जागा वाचवायला सगळे जुने कर्नल पुसणारी कमांड कोणी दिली तर ती टाकू नका.

१०. प्रिंटर आणि बाकीचं

गेल्या काही वर्षांतले नेटवर्क प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवायच चालतात, लिनक्सची छपाई सांभाळणारं कप्स त्यांना स्वतः शोधतं. एचपीच्या काही मॉडेलना एचपीलिप या त्यांच्या ड्रायव्हरच्या जोडीला एक बंद प्लगइन लागतं. वेबकॅम जवळपास सगळे चालतात. बोटाच्या ठशाचा सेन्सर मात्र नशिबावर, लिबएफप्रिंट या ठसे वाचणाऱ्या लायब्ररीच्या यादीत आपला कोड आहे का तेवढं बघा आणि नसेल तर नाद सोडा.

११. आपल्या मशीनवर काय बंद आहे ते तपासा

कॅट कमांडने /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड ही फाइल वाचा. शून्य आलं तर कर्नल स्वच्छ. ४०९७ आलं तर त्यात १ म्हणजे बंद मॉड्यूल आणि ४०९६ म्हणजे कर्नलबाहेरून आलेलं मॉड्यूल, दोन्हींची बेरीज. सही नसलेलं असेल तर आणखी ८१९२ मिळवले जातात. कर्नलचा बग कळवायला जाल तेव्हा हा आकडा बघितला जातो आणि बंद मॉड्यूल काढून परत दाखवा असं सांगतात. त्यांना राग नसतो, जे दिसत नाही ते दुरुस्त करता येत नाही एवढंच. डेबियनवर चेक-डीएफएसजी-स्टेटस हे साधन मशीनवरच्या मुक्त नसलेल्या पॅकेजेसची यादी देतं.

ज्यांना फर्मवेअरसकट सगळं मुक्त हवंय त्यांच्यासाठी लिनक्स-लिब्रे हा कर्नल आहे, ट्रिस्केलसारख्या डिस्ट्रो तोच वापरतात. त्यावर इंटेलचं वायफाय चालणार नाही, नवीन एएमडी कार्डावर थ्रीडी मिळणार नाही. हे लोक उलट्या क्रमाने जातात, आधी हार्डवेअर निवडतात: अ‍ॅथेरॉसची जुनी वायफाय कार्डं, ज्यांचा एटीएच९के ड्रायव्हर फर्मवेअरची फाइल मागतच नाही, ती शोधून लॅपटॉपमध्ये बसवतात. तसं करायचं असेल तर आधी बघा की लॅपटॉपचं बायोस दुसरं कार्ड स्वीकारतं का, कारण काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठराविक कार्डांचीच यादी असते आणि वेगळं बसवलं की मशीन एरर देऊन तिथेच थांबतं.